इंदूरचं हे कॅन्सरचं डे केअर: सुई लावायच्या आधी जे तपासतात त्यासाठी साडेचार स्टार

साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो पार्किंग आणि लिफ्टसाठी, त्याबद्दल खाली लिहिते. जरा मोठं लिहिणार आहे कारण इथले आधीचे रिव्ह्यू वाचले तर एसी छान, खुर्च्या आरामशीर, स्टाफ पोलाइट एवढंच आहे, आणि ज्यांच्या घरी मल्टिपल मायलोमाचा, म्हणजे रक्ताच्या एका कॅन्सरचा, पेशंट आहे त्यांना त्यातून काय कळणार की आपल्या माणसाला इथे आणावं की नाही.

आम्ही माझ्या आत्याला आणतो. लोकमान्य नगरला राहते, शाळेत गणित शिकवायची, आता रिटायर्ड. तिची पोटावर द्यायची बोर्टेझोमिबची, म्हणजे केमोची, सुई इथेच होते आणि हाडांसाठीचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन पण इथेच. हा रिव्ह्यू मुख्यतः त्या हाडांच्या इंजेक्शनबद्दल आहे कारण केमोच्या बाबतीत सगळीकडे थोडीफार काळजी घेतात पण हाडांचं इंजेक्शन म्हटलं की "अरे वो तो पंद्रह मिनिट का काम है" असं धरून चालतात, आणि खरा फरक तिथेच कळतो.

आधी थोडं आजाराबद्दल, कारण आमच्या घरी सुरुवातीला कोणालाच हे कळत नव्हतं की रक्ताच्या कॅन्सरमध्ये हाडं कशी काय जातात. आत्याची कंबर वर्षभर दुखत होती. ऑस्टिओपोरोसिस, वय झालं, बेल्ट लावा, असं चाललं होतं, वर दुखणं थांबवायला डायक्लोफेनॅकच्या गोळ्या. हिमोग्लोबिन उतरत होतं ते वेगळं, त्याला लोहाच्या गोळ्या. मग एक दिवस बादली उचलताना पाठीत कळ आली ती बसलीच, एमआरआयमध्ये मणका चेपलेला निघाला आणि तिथून पुढे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन, बोन मॅरो, पेट सीटी असं होत होत निदान झालं. कवटीत, बरगड्यात, कमरेच्या हाडात, सगळीकडे भोकं. त्याला ते लिटिक लीजन म्हणतात.

इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत जे समजावलं ते मला आजपर्यंत कुठे इतकं सोप्पं सापडलं नाही. त्या म्हणाल्या की आपलं हाड हे कायम पाडणं आणि बांधणं चालू असलेलं घर आहे, जुनं पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, ऑस्टिओक्लास्ट, आणि नवीन बांधणाऱ्या वेगळ्या, ऑस्टिओब्लास्ट, आणि तब्येत ठीक असते तेव्हा दोघांचं काम जमून असतं. मायलोमाच्या पेशी मॅरोमध्ये, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात, बसून पाडणाऱ्यांना आणखी चेव आणणारे सिग्नल वाढवतात, रँक लिगँड नावाचा त्यातला मोठा, आणि त्याचवेळी डीकेके वन सारखी प्रोटीन सोडून बांधणाऱ्यांना कामाला लागूच देत नाहीत. म्हणजे तोडफोड दुप्पट आणि दुरुस्ती बंद. आणि म्हणूनच, हे मला फार महत्त्वाचं वाटलं, साधा बोन स्कॅन मायलोमात बरेचदा स्वच्छ येतो, कारण तो स्कॅन बांधकाम कुठे चाललंय ते दाखवतो आणि इथे बांधकामच नसतं. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज, जे हाड बांधलं जाताना वाढतं, ते पण त्याच कारणाने बहुतेक वेळा नॉर्मल. साध्या एक्स-रेत भोक दिसायला हाडातलं तीस टक्क्यांच्या वर खनिज जावं लागतं. त्यामुळे कोणी म्हटलं की एक्स-रे ठीक आहे, बोन स्कॅन ठीक आहे, तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका, लो डोस होल बॉडी सीटी किंवा पेट सीटी किंवा एमआरआय याबद्दल विचारा.

आणि हाडातून निघालेलं कॅल्शियम जातं कुठे तर रक्तात. तिथून दुसरी भानगड सुरू होते. रक्तात कॅल्शियम वाढलं की किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, लघवी जास्त होते, शरीर कोरडं पडतं, कोरडं पडलं की किडनी आणखी कमी काम करते आणि कॅल्शियम बाहेर टाकणं आणखी कमी होतं. म्हणजे एकदा चढायला लागलं की स्वतःच स्वतःला चढवत राहतं. त्यात पेशंट दुखण्यामुळे पडून राहिला की हाड आणखी झिजतं. वर मायलोमाचं प्रोटीन किडनीला आधीच त्रास देत असतं आणि त्यात आत्याच्या त्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या. मायलोमात या दुखण्याच्या गोळ्या, ब्रुफेन वगैरे सगळ्याच, टाळायच्या असतात हे आम्हाला इथे येईपर्यंत कोणीही सांगितलं नव्हतं. इथे पहिल्या दिवशी सिस्टरने घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच आणायला सांगितली, एकेक पत्ता बघितला आणि बीपीच्या गोळीत पण एक घटक होता, थायझाइड, लघवीची गोळी असते ती, तो कॅल्शियम शरीरात धरून ठेवतो म्हणून डॉक्टरांना विचारून बदलून घेतला. अशी पिशवी बघणारं दुसरं सेंटर मला तरी माहीत नाही.

आता इथे येण्याआधीची गोष्ट. पहिलं इंजेक्शन दुसऱ्या एका ठिकाणी झालं होतं, नाव लिहित नाही. तिथे क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघितलं नाही, महिन्याभरापूर्वीचा रिपोर्ट होता त्यावरच चालवलं. दातांबद्दल विचारलं नाही. आधीच रिंगर लॅक्टेटचं सलाईन लावलेलं होतं, त्याच लाइनमधून हे पण सोडायला निघाले होते आणि आत्या म्हणाली की हातात जळजळ होतेय म्हणून नवीन लाइन लावली एवढंच, नाहीतर तसंच गेलं असतं. आणि बाटली इतक्या जोरात सोडली की मी खाली जाऊन पैसे भरून आले तोवर संपत आली होती. रात्री थंडी वाजून ताप, अंग असं दुखायला लागलं की ती कुशीवर वळू शकत नव्हती, आणि आम्हाला वाटलं इन्फेक्शन झालं, केमोच्या पेशंटला ताप म्हणजे घाबरायचंच, रात्री अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

इथे आल्यावर कळलं की यातली एकेक गोष्ट का महत्त्वाची आहे. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ४ मिग्रॅ, १०० मिली सलाईनमध्ये, १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात कधीच द्यायचं नाही कारण घाईत दिलं की किडनीला मार बसतो, इथे तर अर्धा तास लावतात आणि पंपावर लावतात. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं आणि हे औषध कॅल्शियमला जाऊन चिकटतं म्हणून त्याची लाइन वेगळी, साध्या नॉर्मल सलाईनची. आणि ताप हा पहिल्या डोसनंतर बऱ्याच जणांना येतो, एक ते तीन दिवस, पुढच्या डोसला सहसा कमी होतो. इथे जाताना हे कागदावर लिहून देतात की ताप आला तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पण सोबत केमो चालू असेल तर आधी आम्हाला फोन करा मग ठरवू. त्या फोनवर माणूस उचलतो, रेकॉर्डिंग लागत नाही. मी रात्री पण केलाय.

दर वेळी इंजेक्शनच्या आधी क्रिएटिनिन. नुसता आकडा नाही बघत, वय आणि वजन घालून क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते तो आकडा, काढतात आणि त्याप्रमाणे डोस कमी करतात. आत्याचा क्लिअरन्स मधे चाळिशीत घसरला होता तेव्हा ४ च्या ऐवजी ३.३ मिग्रॅ दिलं, तिच्या फाइलवर ते लाल पेनने लिहिलेलं आहे. ३० च्या खाली गेला तर हे देतच नाहीत, मग डेनोसुमॅब, हाडांचंच दुसरं इंजेक्शन, १२० मिग्रॅ, चामडीखाली, त्याचा डोस किडनीप्रमाणे बदलावा लागत नाही. पण ते औषध फ्रीजमध्ये दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागतं, आणि माझ्यासमोर एका कुटुंबाने ते मे महिन्यात दवा बाजारातून साध्या पिशवीत आणलं होतं तर सिस्टरने सरळ परत पाठवलं, ते लोक खूप चिडले, काउंटरवर आवाज चढले, पण सिस्टर बरोबर होती. आणि डेनोसुमॅब मनाने बंद करायचं नाही, बंद केल्यावर हाडाची झीज उसळून वर येते आणि मणके मोडू शकतात, हे पण त्या त्यांना तिथेच समजावत होत्या.

औषध बाहेरून आणू देतात हे मोठं आहे. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची छापील किंमत आणि दवा बाजारात मिळणारी किंमत यात इतका फरक आहे की आधीच्या ठिकाणी आम्ही किती दिले ते आठवून अजून राग येतो. इथे फक्त बॅच नंबर, एक्सपायरी आणि बिल बघतात.

दात. यावर मी भांडले असते पहिल्यांदा, खरंच, कारण आत्याला पाठीच्या दुखण्याने बसवत नव्हतं आणि हे म्हणाले आधी डेंटिस्टकडे जाऊन या मग इंजेक्शन. "माताजी, कोई दांत हिलता है क्या, कवळी टोचते का," असं अर्धं हिंदी अर्धं मराठी विचारत सिस्टरने टॉर्च लावून तोंड बघितलं. कारण असं की हे औषध हाडाची झीज थांबवतं पण त्याचबरोबर जबड्याच्या हाडाचं भरून येणं पण मंदावतं, आणि त्यावर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून सडू शकतं, महिनोन्महिने बरं होत नाही. सगळ्यांना नाही होत, थोड्यांना होतं, पण झालं की फार वाईट. म्हणून काढायचे दात आधीच काढून, जखम भरू देऊन, मग सुरुवात. आत्याची एक दाढ निघाली, थांबावं लागलं, पण त्या थांबण्याबद्दल मला आता काहीच तक्रार नाही. तुमचं कोणी या औषधावर असेल तर डेंटिस्टला स्वतःहून सांगा, बरेच जण साफसफाईला जातात आणि हे बोलतच नाहीत.

आता ज्याच्यासाठी मी या लोकांचे आभार मानते ते सांगते. उन्हाळ्यात, केमोच्या दोन सायकलमध्ये गॅप पडला होता, आत्याला सारखी तहान लागायला लागली. रात्री चार चार वेळा उठायची. पोट साफ होत नव्हतं, जेवण नको, मळमळ. मग दुपारी पण झोपायला लागली आणि उठवलं तर दोन शब्द बोलून परत डोळे मिटायची. सगळे म्हणाले ऊन आहे, अशक्तपणा आहे, नारळपाणी द्या. एक दिवस तिने मला विचारलं की शाळेची घंटा झाली का. मी इथे फोन केला. पलीकडच्या सिस्टरने बद्धकोष्ठ किती दिवस, लघवी किती, पाय जड आहेत का, लघवीवरचा ताबा गेला का असं विचारलं, हे शेवटचे दोन प्रश्न मणक्यातली नस दबली आहे का ते बघायला असतात आणि तसं असेल तर एक तास पण थांबायचं नाही थेट इमर्जन्सी, आणि मग म्हणाली आत्ताच आणा, कॅल्शियम असेल.

रिपोर्ट आला. कॅल्शियम १०.४. लॅबच्या कागदावर नॉर्मल म्हणूनच छापलेलं, कारण त्यांची रेंज साडेदहापर्यंत. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि ड्युटी डॉक्टर म्हणाले नाही, अल्ब्युमिन बघा, २.४ आहे. रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम प्रोटीनला, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, अल्ब्युमिन कमी असलं की एकूण आकडा खोटाच कमी दिसतो. ४ मधून २.४ गेले १.६, त्याला ०.८ ने गुणा, १.२८ येतात, ते मिळवले की ११.७ च्या जवळ. ११ च्या वर म्हणजे मायलोमात वाढलेलंच. आयोनाइज्ड, म्हणजे प्रोटीनला न चिकटलेलं मोकळं, कॅल्शियम लगेच करून त्यांनी खात्री पण करून घेतली, कारण कधीकधी उलटं होतं, मायलोमाचं प्रोटीनच कॅल्शियम धरून बसतं आणि आकडा उगाच जास्त दिसतो. लगेच वरच्या मजल्यावर वॉर्डमध्ये भरती, आधी सलाईन, लघवी मोजणं, किडनी जरा सुधारल्यावर झोलेड्रोनिक, सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. सलाईनने काही तासात फरक दिसतो, हाडाच्या औषधाला दोन चार दिवस लागतात. दोन दिवसांनी आत्याने चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर बरी झाल्यावर तिने तो अल्ब्युमिनचा हिशोब रिपोर्टच्या मागे पेन्सिलने करून बघितला आणि आता दर रिपोर्टला स्वतःच करते.

नुसतं कॅल्शियम करू नका, सोबत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन करा. बाहेरच्या लॅबमधून करत असाल तर स्वतः सांगून करून घ्या.

एक गोष्ट आम्हाला अजब वाटली होती. ज्या बाईचं कॅल्शियम वाढून ती बेशुद्धीकडे चालली होती तिलाच आकडा खाली आल्यावर काही आठवड्यांनी कॅल्शियमची गोळी आणि व्हिटॅमिन डी सुरू केलं. आमचे काका तर म्हणाले की यांना कळतंय का काही. पण हाडांचं इंजेक्शन चालू असताना हाडातून कॅल्शियम यायचं थांबतं आणि मग रक्तात ते खूप खाली जाऊ शकतं, बोटांना मुंग्या येतात, तोंडाभोवती बधिर होतं, गोळे येतात. म्हणून आधी आकडा आणि व्हिटॅमिन डीची लेव्हल बघून, ठरवून दिलेलं, मनाने नाही. इंदूरला घरोघरी व्हिटॅमिन डीची सॅशे आठवड्याला घेतात ती मायलोमाच्या पेशंटने विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. आणि उलट, कॅल्शियम वाढलं म्हणून दूध दही बंद करणारे पण भेटले इथे, आमच्या शेजारच्या खुर्चीवरच एक होते. आत्याच्या वेळी वाढलेलं कॅल्शियम दुधातून आलेलं नव्हतं, तिच्याच हाडातून आलं होतं.

ते शेजारचे काका महूहून येतात, त्यांना लिम्फोमा. त्यांचं कॅल्शियम पण वाढलं होतं पण हाडात भोकं नाहीत. त्यांच्या बाबतीत लिम्फोमाच्या पेशी स्वतःच व्हिटॅमिन डीचं जोरदार रूप तयार करतात आणि त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम जास्त ओढलं जातं, त्यात स्टेरॉइड चांगलं काम करतं आणि त्यांना दूध, डीची गोळी, ऊन हे सगळं खरंच सांभाळावं लागतं. ल्युकेमियात हे कमी दिसतं, एचटीएलव्ही व्हायरसशी जोडलेला टी सेलचा प्रकार सोडला तर, त्यात फार चढतं. म्हणजे दोन खुर्च्या शेजारी, दोघांचं कॅल्शियम वाढलेलं आणि दोघांचा आहार वेगळा. इथे प्रत्येकाला त्याचा त्याचा कागद मिळतो, एकच छापील पत्रक सगळ्यांना वाटत नाहीत. म्हणून शेजारच्याचं ऐकून काही करू नका.

खुर्च्यांबद्दल पण लिहिते कारण मणका चेपलेल्या माणसाला तो चैनीचा भाग नाही. पाठ पूर्ण मागे जाते, पाय वर होतात, आणि मागितलं तर पलंग पण देतात. सिस्टर लोक आत्याला उठवताना काखेत हात घालून ओढत नाहीत, कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, मग बसवतात. हे आम्ही घरी पण शिकलो. केरळच्या एक सिस्टर आहेत, त्यांना पहिल्या टोचण्यात व्हेन सापडते, आत्या त्यांच्याचसाठी थांबते.

आता अर्धा स्टार. पार्किंग नाहीच म्हणा, गाडी रस्त्यावर उभी केली की गार्ड लगेच काढायला लावतो, आणि पेशंटला उतरवून व्हीलचेअर येईपर्यंत मधे उभं राहायला जागा नाही. लिफ्ट एकच, त्यात जेवणाच्या ट्रॉल्या पण आणि स्ट्रेचर पण. रॅम्प आहे पण त्याच्या टोकाला दोन इंचाची कड आहे, व्हीलचेअर त्यावर आदळते आणि ज्याच्या पाठीत मोडलेला मणका आहे त्याला तो धक्का कसा लागतो ते मॅनेजमेंटने एकदा बसून बघावं. मी दोनदा लिहून दिलंय. थोडं सिमेंट लागेल फक्त. बिलिंगला पण वेळ जातो, इन्शुरन्सवाल्यांना डे केअरचा कागद वेगळा लागतो तो आधीच मागून घ्या.

येताना स्पीड ब्रेकरचा विचार करून रस्ता धरा. आम्ही राजवाड्याकडून येणं सोडलं, लांब पडलं तरी मोठ्या रस्त्याने येतो, रिक्षा नाही, गाडीत पुढची सीट मागे पाडून, कमरेमागे घट्ट उशी.

देवास, धार, उज्जैनहून येणाऱ्यांसाठी, रक्त आदल्या दिवशी तिकडेच देऊन रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तरी चालतं, पण क्रिएटिनिन जुनं चालत नाही, ताजंच पाहिजे. दुपारी चारनंतर नवीन बाटली लावत नाहीत. रविवारी डे केअर बंद, फक्त वरचा वॉर्ड आणि इमर्जन्सी. सकाळी नाश्ता करून, पाणी पिऊन या, उपाशी यायची गरज नाही, खाली कँटीनमध्ये पोहे मिळतात, बरे असतात.